वापरलेल्या उत्प्रेरक परिवर्तकाची भंगारातील विक्री : मूल्य, माहिती आणि कायदा
(फुलंब्री परिसराच्या विशेष संदर्भात)

१. प्रस्तावना

छत्रपती संभाजीनगरहून सिल्लोडमार्गे अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहरापासून सुमारे २५ ते ३० किलोमीटर अंतरावर फुलंब्री हे तालुक्याचे गाव आहे. मका व कापूस पिकविणारा हा परिसर जिल्ह्याच्या औद्योगिक पट्ट्याला लागून आहे. वाळूज येथे १९८५ पासून बजाज ऑटोचा कारखाना आहे. शेंद्रा येथील स्कोडाच्या कारखान्यात २००१ पासून मोटारी जोडल्या जाऊ लागल्या आणि पुढे यती, कोडियाक यांसारखी एसयूव्ही प्रकारातील वाहनेही तेथूनच बाहेर पडली. म्हणजे वाहनाचा जन्म या जिल्ह्याला परिचित आहे. वाहनाच्या अखेरीचे अर्थशास्त्र मात्र येथील वाहनमालकाला तितकेसे परिचित नाही.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे वाहनाच्या धुराच्या नळीत बसविलेला ‘उत्प्रेरक परिवर्तक’ होय. व्यवहारात तो ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर’ या नावाने ओळखला जातो आणि गॅरेजमध्ये बहुधा ‘सायलेन्सर’ या एकाच शब्दात गुंडाळला जातो. दहाबारा वर्षे चाललेल्या एसयूव्हीचा कन्व्हर्टर निकामी झाला, की मालक नवा भाग बसवून घेतो. जुना भाग गॅरेजच्या कोपऱ्यात पडतो आणि पुढे पत्रा, बेअरिंग व ब्रेक ड्रम यांच्यासोबत भंगारात जातो. त्या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम हे सोन्याच्या पंक्तीत बसणारे धातू असू शकतात, याची कल्पना विकणाऱ्याला नसते. विकत घेणाऱ्यांच्या साखळीत कोठेतरी ती कोणाला तरी नक्कीच असते.

या भागाचे मूल्य कशात आहे, ते कसे ठरते, ते विक्रेत्याच्या हाती का पडत नाही आणि हा व्यवहार कायद्याच्या चौकटीत कधी बसतो, या चार प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विषय रसायनशास्त्र, वाणिज्य, अर्थशास्त्र व विधी या चारही शाखांना स्पर्श करणारा असल्याने त्याची मांडणी आंतरविद्याशाखीय दृष्टीने केली आहे.

२. उत्प्रेरक परिवर्तक : रचना व कार्य

इंजिनात इंधनाचे ज्वलन कधीच परिपूर्ण होत नाही. त्यामुळे धुरात कार्बन मोनॉक्साइड, न जळालेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड हे तीन प्रमुख अपायकारक घटक राहतात. पेट्रोल इंजिनातील ‘त्रिमार्गी’ परिवर्तक या तिन्हींवर एकाच वेळी क्रिया करतो. कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइडमध्ये, हायड्रोकार्बनचे कार्बन डायऑक्साइड व पाण्याच्या वाफेत आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे निरुपद्रवी नायट्रोजनमध्ये रूपांतर होते. पहिल्या दोन क्रिया ऑक्सिडीकरणाच्या असून त्यांत प्लॅटिनम व पॅलेडियम उपयोगी पडतात. तिसरी क्रिया क्षपणाची असून तिच्यात ऱ्होडियमचा वाटा मोठा असतो.

बाहेरून पाहता हा भाग स्टेनलेस स्टीलचा फुगीर डबा दिसतो. आत कॉर्डिएराइट नावाच्या चिनीमातीसारख्या पदार्थाची, मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची वीट असते. मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम व सिलिकॉन यांच्या ऑक्साइडांपासून बनलेला हा पदार्थ तापमानातील तीव्र बदलाने सहसा तडकत नाही. छिद्रांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा खडबडीत लेप असतो. त्यात सेरियम व झिर्कोनियमची ऑक्साइडे मिसळलेली असतात आणि या लेपावर मौल्यवान धातूंचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात. हे कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि वजनकाट्यालाही वेगळे जाणवत नाहीत. काही किलो वजनाच्या डब्यात या धातूंचे एकूण प्रमाण साधारणतः काही ग्रॅम एवढेच असते. पुढील सर्व विवेचनाचे मूळ या एका वस्तुस्थितीत आहे.

डिझेल वाहनांची रचना वेगळी आहे, आणि ग्रामीण भागातील बहुसंख्य जुन्या एसयूव्ही डिझेलवर चालणाऱ्या असल्याने हा भेद महत्त्वाचा ठरतो. डिझेलच्या धुरात ऑक्सिजन शिल्लक असतो. त्यामुळे तेथे त्रिमार्गी परिवर्तक चालत नाही. त्याऐवजी ऑक्सिडीकरण उत्प्रेरक बसविला जातो व त्यात प्रामुख्याने प्लॅटिनम आणि काही वेळा पॅलेडियम असते. अलीकडील वाहनांत काजळी अडविणारी गाळणीही असते. ती पुष्कळदा सिलिकॉन कार्बाइडची असते आणि तिच्यापासून धातू वेगळे काढणे भट्टीच्या दृष्टीने अवघड असल्याने तिला भाव कमी मिळतो. युरियाच्या द्रावणावर चालणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइड निवारक उत्प्रेरकात तर तांबे किंवा लोह असलेले झिओलाइट अथवा व्हॅनेडियम वापरलेले असते. त्यात प्लॅटिनम गटातील धातू नसतात. तात्पर्य, एकाच वाहनाखाली टांगलेल्या तीन सारख्या दिसणाऱ्या डब्यांचे मूल्य एकमेकांपासून अत्यंत भिन्न असू शकते.

३. परिवर्तक भारतीय वाहनांत कसा आला

परिवर्तकाची कल्पना विसाव्या शतकाच्या मध्याची आहे. मूळचे फ्रेंच असलेले अभियंता यूजीन हूड्री यांना अमेरिकेत १९५६ मध्ये याविषयीचे पेटंट मिळाले. मात्र त्या काळच्या पेट्रोलमध्ये शिसे मिसळले जात असे आणि शिशामुळे उत्प्रेरकाचा पृष्ठभाग निकामी होई. अमेरिकेत १९७० च्या हवा शुद्धता कायद्यानंतर १९७५ पासूनच्या नव्या मोटारींत परिवर्तक सर्रास बसू लागला व त्याबरोबरच शिसेविरहित पेट्रोलही उपलब्ध करावे लागले.

भारतातही हाच क्रम राहिला. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना परिवर्तक आवश्यक झाला व तेथे शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. त्यानंतर भारत स्टेज या नावाने ओळखली जाणारी मानके टप्प्याटप्प्याने कडक होत गेली. १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज-४ देशभर लागू झाले. भारत स्टेज-५ वगळून १ एप्रिल २०२० पासून थेट भारत स्टेज-६ अमलात आले. ३१ मार्च २०२० नंतर भारत स्टेज-४ ची वाहने विकता येणार नाहीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये दिला होता.

या कालक्रमाला भंगाराच्या व्यवहारात थेट महत्त्व आहे. जुन्या डिझेल जीपगाड्यांत परिवर्तक नसण्याचीच शक्यता अधिक असते. तशा वाहनाचा मालक ‘आपल्या सायलेन्सरमध्ये प्लॅटिनम आहे’ या समजुतीने भाव मागू लागला, तर त्याची निराशा अटळ आहे. उलट २०१० नंतरच्या वाहनांत परिवर्तक असतोच, असे गृहीत धरून चालावयास हरकत नाही, आणि भारत स्टेज-६ वाहनांत उत्प्रेरकांची संख्याही वाढलेली आहे. वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रावरील उत्पादनाचे वर्ष व इंधनाचा प्रकार हीच मूल्यनिर्धारणाची पहिली पायरी होय.

४. निकामी झालेला भाग मौल्यवान कसा?

वापरून जुना झालेला टायर किंवा बॅटरी आपले मूल्य गमावते. त्यामुळे निकामी परिवर्तकही मूल्यहीन असावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. येथेच उत्प्रेरकाची शास्त्रीय व्याख्या ध्यानात घ्यावी लागते. उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग वाढवितो, परंतु स्वतः खर्ची पडत नाही. अध्यापकांनी अकरावीच्या वर्गात शिकविलेल्या या वाक्याला भंगाराच्या दुकानात रोकड मूल्य आहे.

परिवर्तक निकामी होतो तो इतर कारणांनी. अतितापमानामुळे धातूंचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून मोठे होतात व त्यांचे क्रियाशील पृष्ठफळ घटते. इंजिन ऑइलमधील फॉस्फरसाचे थर त्यांच्यावर बसतात. इंजिनात ठिणगी चुकून न जळालेले इंधन परिवर्तकात जाऊन पेटले, तर आतील वीट वितळते. खराब रस्त्यावर डबा आपटून वीट फुटते. या सर्व प्रकारांत उत्प्रेरकाची शक्ती जाते, परंतु धातू बहुतांशी जागच्या जागी राहतो. फुटलेल्या विटेचे तुकडे नळीतून बाहेर पडले किंवा कोणी आतील वीट काढून घेतली, तरच मूल्य खऱ्या अर्थाने घटते. म्हणून जुन्या परिवर्तकाबाबत ‘चालतो की नाही’ हा प्रश्न गौण असून ‘भरलेला आहे की रिकामा’ हा प्रश्न प्रमुख आहे.

या धातूंची नैसर्गिक दुर्मिळता पाहिली म्हणजे त्यांच्या पुनर्प्राप्तीचे महत्त्व पटते. जगातील ऱ्होडियम व प्लॅटिनमचा मोठा भाग दक्षिण आफ्रिकेतून येतो. पॅलेडियमच्या बाबतीत त्या देशासोबत रशियाचाही वाटा मोठा आहे. तेथील खाणींत एक टन खडकातून या धातूंचे साधारणतः काही ग्रॅमच मिळतात. म्हणजे एका परिवर्तकात जेवढा धातू आहे, तेवढ्यासाठी भूगर्भातून सुमारे एक टन दगड काढून दळावा लागतो. भारतात ओडिशातील बौला-नुआसाही परिसरात या गटातील धातूंचे साठे आढळले असले, तरी देशाची गरज मुख्यत्वे आयातीवरच भागते. केंद्र शासनाने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ३० अतिमहत्त्वाच्या खनिजांच्या यादीत प्लॅटिनम गटाचा समावेश केला, तो याच कारणास्तव. फुलंब्रीच्या गॅरेजमधील कोपऱ्यात पडलेला डबा या दृष्टीने एक लहानशी खाणच आहे.

५. भाव कसा ठरतो

परिवर्तकाचा भाव तीन गोष्टींवर अवलंबून असतो : आत कोणता धातू किती आहे, त्या दिवशी त्या धातूचा जागतिक दर काय आहे आणि तो वेगळा काढण्यास किती खर्च येतो.

दरातील चढउतार किती तीव्र असतो, याची कल्पना ऱ्होडियमच्या उदाहरणावरून येते. हा धातू ट्रॉय औंसाच्या मापाने विकला जातो व एक ट्रॉय औंस म्हणजे सुमारे ३१.१ ग्रॅम. २०१६ च्या मध्यास त्याचा दर औंसाला ६०० ते ७०० डॉलरच्या घरात होता. मार्च २०२१ मध्ये तो २९,००० डॉलरच्या वर गेला आणि २०२३ च्या उत्तरार्धात ५,००० डॉलरच्या खाली आला. आता समजा, एखाद्या परिवर्तकात ०.३ ग्रॅम ऱ्होडियम आहे. औंसाला ६०० डॉलर दराने त्याचे मूल्य सुमारे ६ डॉलर होते, २९,००० डॉलर दराने ते सुमारे २८० डॉलर होते आणि ४,५०० डॉलर दराने सुमारे ४३ डॉलर. डबा तोच, वजन तेच, गंजही तोच. मूल्य मात्र शेचाळीस पटींपेक्षा अधिक वाढून पुन्हा कोसळते. समाजात ऐकीव असलेला ‘अमक्याला सायलेन्सरचे इतके मिळाले’ हा आकडा म्हणूनच भ्रामक असतो. तो कोणत्या महिन्यातील आहे, हे कळल्याखेरीज त्याला अर्थ नाही.

तिसरा घटक प्रक्रियेचा. प्रथम यंत्राने डबा कापून वीट वेगळी केली जाते. नंतर ती दळून एकजीव पूड केली जाते व त्या पुडीचा प्रातिनिधिक नमुना घेतला जातो. क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्राने प्राथमिक व प्रयोगशाळेतील सूक्ष्म पद्धतींनी अंतिम विश्लेषण होते. पुढे अतिउष्ण भट्टीत तांबे किंवा लोह यांसारख्या ‘संग्राहक’ धातूच्या साहाय्याने मौल्यवान धातू एकत्र केले जातात आणि आम्लांच्या द्रावणांतून एकेक धातू शुद्ध स्वरूपात वेगळा काढला जातो. हे काम मोठ्या भांडवलाचे व कुशल मनुष्यबळाचे असून महाराष्ट्रात नवी मुंबईसारख्या ठिकाणी मौल्यवान धातूंचे शुद्धीकरण करणारे उद्योग आहेत. अशा उद्योगाकडे एकदोन नग घेऊन जाता येत नाही, तेथे माल मोठ्या प्रमाणात लागतो. म्हणून गॅरेज, गावातील भंगारवाला, शहरातील मोठा व्यापारी, संकलक व शुद्धीकरण कारखाना अशी साखळी तयार होते. प्रत्येक कडी आपला खर्च, जोखीम व नफा वजा करते. मूळ मालकाला धातूचे पूर्ण मूल्य मिळावे, ही अपेक्षा त्यामुळे अवास्तव आहे. परंतु त्याला केवळ लोखंडाचा दर मिळावा, हेही न्याय्य नाही. या दोन टोकांमध्ये कोठे थांबावयाचे, हे ज्याच्याकडे माहिती आहे तो ठरवितो.

घरी किंवा शेडमध्ये आम्ल वापरून हे धातू काढण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळला पाहिजे. त्यासाठी लागणाऱ्या तीव्र आम्लांच्या मिश्रणातून नायट्रोजन डायऑक्साइडची विषारी वाफ निघते. प्लॅटिनमच्या काही क्षारांमुळे श्वसनाचे ॲलर्जीजन्य विकार जडतात. डबा हातोड्याने फोडताना उडणारी बारीक धूळ फुफ्फुसांना अपायकारक असतेच, शिवाय त्या धुळीबरोबर धातूही वाया जातो.

६. माहितीची विषमता : मक्याचा ढीग आणि परिवर्तकाचा डबा

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले, की खरेदीदार व विक्रेता यांच्याजवळील माहिती असमान असेल तर बाजार नीट चालत नाही. या कार्याबद्दल त्यांना २००१ मध्ये इतर दोघांसमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ॲकरलॉफ यांच्या उदाहरणात मोटारीचे दोष विक्रेत्याला माहीत असतात व खरेदीदार अंधारात असतो. परिवर्तकाच्या व्यवहारात नेमके उलटे घडते. येथे मालक अंधारात आणि खरेदीदार जाणकार असतो.

या परिसरातील शेतकऱ्याला या विषमतेचा अनुभव नवा नाही. मका विकताना आर्द्रता, दाण्याची प्रत व वजन हे तीन मुद्दे पूर्वी पूर्णतः व्यापाऱ्याच्या शब्दावर सोपविलेले असत. नियंत्रित बाजारपेठेची व्यवस्था आणि महाराष्ट्रातील १९६३ चा कृषी उत्पन्न पणन कायदा यांमागे हीच विषमता कमी करण्याची भूमिका होती. उघड लिलाव, प्रमाणित वजनकाटा व हिशेबपट्टी यांमुळे सर्व अन्याय दूर झाला असे नाही, परंतु तक्रार करण्यास आधार मिळाला. ओलावा मोजण्याचे यंत्र लावल्यावर ‘माल ओला आहे’ हे विधान मत न राहता मोजमाप झाले.

परिवर्तकाच्या बाजारात यांपैकी काहीच नाही. लिलाव नाही, जाहीर दर नाही, प्रतवारी नाही आणि बहुधा पावतीही नाही. वजनकाटा आहे, पण तो चुकीची गोष्ट मोजतो. काट्यावर पोलाद व चिनीमातीचे वजन दिसते, तर मूल्य अदृश्य पुडीत असते. जो शेतकरी क्विंटलमागे काही रुपयांसाठी आडत्याशी हुज्जत घालतो, तोच आपल्या वाहनाचा परिवर्तक न पाहता सोडून देतो. यात त्याचे अज्ञान आहे असे म्हणण्यापेक्षा, त्याला मोजण्याचे साधन उपलब्ध नाही असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

७. माहितीचा दुसरा चेहरा : चोरी

मूल्याची माहिती प्रामाणिक मालकापर्यंत पोहोचण्यापूर्वी ती चोरांपर्यंत पोहोचली, हे या विषयातील कटू वास्तव आहे. ऱ्होडियम व पॅलेडियमचे दर चढल्यानंतर अमेरिका व युरोपात परिवर्तक चोरीची लाट आली. महाराष्ट्रातही २०२१-२२ च्या सुमारास पुणे, मुंबई, नाशिक अशा भागांत मारुती इको या वाहनाचे सायलेन्सर चोरीस जाण्याचे प्रकार मोठ्या प्रमाणावर नोंदले गेले. आतील पूड काढून ती ‘माती’ म्हणून विकली जाते, असे पोलीस तपासाच्या वृत्तांतून पुढे आले. जमिनीपासून पुरेशी उंची असलेल्या वाहनाखाली शिरणे सोपे असते, आणि हाच निकष एसयूव्हीलाही लागू पडतो.

चोरीचा एक शांत प्रकारही संभवतो. वाहन दुरुस्तीस गेले असता परिवर्तकातील वीट काढून घेऊन रिकामा डबा पुन्हा जोडला, तर वाहन चालत राहते आणि मालकाला काही काळ पत्ताही लागत नाही. २०१३ नंतरच्या वाहनांत असलेल्या निदान प्रणालीमुळे ‘चेक इंजिन’ चा दिवा लागू शकतो, पण तो दुर्लक्षित राहतो. पीयूसी तपासणीतही हा दोष उघड होईलच असे नाही. डिझेल वाहनाच्या तपासणीत मुख्यतः धुराची अपारदर्शकता पाहिली जाते, अदृश्य वायू मोजले जात नाहीत. तेव्हा मालकाचे आर्थिक नुकसान आणि त्याच रस्त्यावर श्वास घेणाऱ्यांचे आरोग्यविषयक नुकसान, दोन्ही एकाच वेळी व नकळत होतात.

८. कायदेशीर चौकट

परिवर्तक विकणे हा गुन्हा नाही. तो कोणत्या परिस्थितीत विकला जातो, यावर व्यवहाराची वैधता अवलंबून असते. त्याचे तीन प्रकार संभवतात.

पहिला प्रकार : जुना परिवर्तक निकामी झाल्याने त्याच्या जागी योग्य नवा बसविला व जुना विकला. हा व्यवहार निर्दोष आहे. जुना भाग ही मालकाची मालमत्ता असून तो परत मागण्याचा त्याला अधिकार आहे. हमीच्या मुदतीत कंपनीने भाग विनामूल्य बदलून दिला असेल, तर मात्र जुना भाग कंपनीकडे जमा होतो.

दुसरा प्रकार : पैशासाठी परिवर्तक काढून त्या जागी साधी नळी जोडली. येथे कायद्याचे उल्लंघन होते. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने निश्चित केलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. कलम १९०(२) नुसार वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग करणारे वाहन चालविल्यास पहिल्या अपराधासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात आणि वाहन परवाना तीन महिने अपात्र ठरतो. शिवाय नवा परिवर्तक विकत घेण्याचा खर्च जुन्याच्या विक्रीतून मिळणाऱ्या रकमेपेक्षा सामान्यतः कितीतरी अधिक असतो. म्हणजे हा व्यवहार बेकायदा तर आहेच, पण हिशेबानेही तोट्याचा आहे.

तिसरा प्रकार : संपूर्ण वाहनच मोडीत काढणे. यासाठी २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रांची व्यवस्था करण्यात आली. अशा केंद्रात वाहन दिल्यावर ठेव प्रमाणपत्र मिळते. त्याच्या आधारे नवे वाहन घेताना खासगी वाहनास २५ टक्क्यांपर्यंत व परिवहन वाहनास १५ टक्क्यांपर्यंत मोटार वाहन करात सवलतीची तरतूद केंद्रीय नियमांत आहे. वाहन देण्यापूर्वी परिवर्तक काढून घेतल्यास केंद्र त्या प्रमाणात किंमत कमी करू शकते. म्हणून दोन्ही पर्यायांची तुलना आधीच करणे श्रेयस्कर ठरते.

खरेदीदाराचीही जबाबदारी आहे. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून, किंवा तसे मानण्यास कारण असून, तो स्वीकारणे हा भारतीय न्याय संहिता २०२३ च्या कलम ३१७ अन्वये गुन्हा आहे. प्रामाणिक भंगार व्यावसायिकासाठी विक्रेत्याची ओळख व वाहनाचा तपशील नोंदवून ठेवणे हेच खरे संरक्षण होय.

९. विक्रेत्याने घ्यावयाची दक्षता

वरील विवेचनावरून वाहनमालकासाठी पुढील व्यावहारिक सूत्रे निघतात.

(अ) दुरुस्तीपूर्वीच ‘जुना भाग परत हवा’ असे गॅरेजमालकाला स्पष्ट सांगावे व बिलावर तशी नोंद करून घ्यावी.

(आ) डब्यावर कोरलेले कंपनीचे चिन्ह व क्रमांक पाहावा, त्याचे छायाचित्र घ्यावे. जाणकार व्यापारी भाव ठरविताना प्रथम हाच क्रमांक पाहतो. मूळ कंपनीच्या भागात धातूचे प्रमाण सामान्यतः अधिक असते, तर बाजारात मिळणाऱ्या स्वस्त पर्यायी भागात ते बरेच कमी असते.

(इ) डबा कापू नये, फोडू नये. विजेरीच्या प्रकाशात तोंडातून आत पाहिल्यास वीट शाबूत आहे की नाही, हे दिसते. वीट फुटलेली असल्यास तुकडे व पूड पिशवीत जपून ठेवावी.

(ई) त्या आठवड्यातील धातूंचे दर पाहावेत आणि किमान दोनतीन व्यापाऱ्यांकडून भाव घ्यावा. त्यांपैकी एक तरी जिल्ह्याच्या ठिकाणचा, परिवर्तकाची स्वतंत्र खरेदी करणारा असावा. जो व्यापारी क्रमांक न पाहता थेट डबा काट्यावर ठेवतो, त्याने दिलेला भाव लोखंडाचा समजावा.

(उ) नोंदणी प्रमाणपत्राची प्रत व नवा भाग बसविल्याचे बिल जवळ ठेवावे. विक्रीची पावती घ्यावी व तीवर वाहन क्रमांक आणि परिवर्तकावरील क्रमांक लिहून घ्यावा. वाहन चोरीच्या तपासात हीच पावती मालकाच्या बाजूने बोलते.

यांपैकी एकाही सूत्रासाठी प्रयोगशाळा लागत नाही. डोळे उघडे ठेवणे व चार प्रश्न विचारणे एवढ्यानेच माहितीची विषमता पुष्कळशी कमी होते.

१०. निष्कर्ष

परिवर्तकाच्या भंगारातील विक्रीचा विचार करता काही बाबी स्पष्ट होतात. पहिली, या भागाचे मूल्य त्याच्या वजनात, आकारात किंवा चालू अवस्थेत नसून त्यातील अदृश्य धातूंत आहे. दुसरी, ते मूल्य वाहनाचे इंधन, वर्ष, बनावट व जागतिक दर यांनुसार बदलते. त्यामुळे कोणताही एक ठोक भाव विश्वासार्ह नाही. तिसरी, लांबलचक साखळीत माहिती वरच्या कड्यांकडे एकवटलेली आहे आणि मूळ मालक तिच्यापासून वंचित आहे. चौथी, चालत्या वाहनातून परिवर्तक काढून विकणे हे कायद्याने, आरोग्याने व हिशेबाने अशा तिन्ही बाजूंनी अयोग्य आहे. बदललेला किंवा मोडीत निघालेल्या वाहनाचा परिवर्तक योग्य मार्गाने शुद्धीकरणापर्यंत पोहोचविणे मात्र राष्ट्रीय हिताचे आहे.

या संदर्भात महाविद्यालयांना करता येण्यासारखे कार्य आहे. रसायनशास्त्र विभागाला उत्प्रेरणाचा पाठ एका निकामी परिवर्तकाच्या छेदासह शिकविता येईल. वाणिज्य व अर्थशास्त्र विभागांना स्थानिक भंगार व्यवहारांची साखळी हा क्षेत्रीय प्रकल्पाचा विषय म्हणून घेता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून वाहनमालक, गॅरेजचालक व भंगार व्यावसायिक यांना एकत्र बसवून पावतीचा आग्रह रुजविता येईल. बाजार समितीच्या आवारात ओलावा मोजण्याचे यंत्र आले, तेव्हा शेतकऱ्याच्या बोलण्याला आकड्याचे बळ मिळाले. भंगाराच्या काट्यासमोर उभ्या असलेल्या वाहनमालकाला तसे बळ अद्याप मिळावयाचे आहे. ते यंत्राच्या रूपाने येण्यास वेळ लागेल, माहितीच्या रूपाने ते आजही देता येते.